थिओडोर थॉमस

मुलांनो, सिनेमातील गाणे ऐकताना गायकाच्या आवाजामागे कितीतरी व्हायोलिने एकदम वाजताना तुम्ही ऐकली असतील. पुष्कळ वादकांच्या अशा समूहाला वाद्यवृंद म्हणतात. वादकांसमोर हातात छोटी काठी घेऊन जो उभा असतो, तो वाद्यवृंदाचा संचालक. तो स्वतः काहीच वाजवत नाही. पण सगळ्यांचे लक्ष त्याच्या खुणेकडे असते. युरोपातील संगीतकारांनी वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनांना सिम्फनी म्हणतात. या सिम्फनीची गोडी अमेरिकेतील लोकांना लावण्यासाठी थिओडोर थॉमस आयुष्यभर झटले.

त्यांचा जन्म १८३५ साली जर्मनीतील एझेन्स या गावी झाला. वडील वादक होते. १८४५ साली हे कुटुंब न्यूयॉर्कला आले. घरात खाणारी तोंडे फार आणि कमाई थोडी. लहानगा थिओडोर नाचाच्या कार्यक्रमांत व नाटकगृहांत व्हायोलिन वाजवून घराला हातभार लावू लागला. पुढे चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो एकटाच घोड्यावरून दक्षिणेकडील गावे फिरला. गंमत पाहा! जाहिरात त्यानेच हाताने लिहायची, दाराशी उभे राहून पैसे त्यानेच घ्यायचे आणि लोक जमले की पुढे जाऊन व्हायोलिनही त्यानेच वाजवायचे!

मोठेपणी ते संचालक झाले. शिस्तीला फार कडक. त्यांच्या वाद्यवृंदात सर्व व्हायोलिनांचे गज एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत. पण अशी तयारी टिकायची तर वादकांना वर्षभर काम हवे, पगार हवा. एका शहरात तेवढे श्रोते कुठून मिळणार? म्हणून १८६९ पासून थॉमस आपले वादक घेऊन रेल्वेने गावोगाव हिंडू लागले. लोकांना हवे असे नाचाचे हलके संगीत. थॉमस तेही वाजवत आणि मध्येच बेथोव्हेनच्या सिम्फनीचा एखादा भाग ऐकवत. हळूहळू लोकांचे कान तयार झाले.

मात्र संकटे पाठ सोडीनात. ९ ऑक्टोबर १८७१ रोजी शिकागोच्या एका नाटकगृहात त्यांचा कार्यक्रम होता. ते पोहोचले तेव्हा शहर जळत होते! नाटकगृहाची राख झाली होती. १८७६ साली फिलाडेल्फियातील कार्यक्रमांत इतका तोटा झाला, की वर्षानुवर्षे जमवलेल्या त्यांच्या संगीताच्या वह्यांचा लिलाव झाला. एका मित्राने त्या विकत घेतल्या आणि वापरण्यासाठी पुन्हा त्यांच्याच हाती दिल्या. थॉमस पुन्हा कामाला लागले.

अखेर शिकागोनेच त्यांना बोलावले. तेथील सुमारे पन्नास धनिकांनी तीन वर्षे दरवर्षी प्रत्येकी एक हजार डॉलर देण्याची हमी घेतली आणि १८९१ साली कायमचा वाद्यवृंद उभा राहिला. तेव्हा थॉमस छप्पन वर्षांचे होते. तरी एक अडचण उरलीच. ज्या सभागृहात ते वाजवत, तेथे चार हजारांहून अधिक खुर्च्या होत्या. जागा केव्हाही मिळते म्हटल्यावर लोक आधी तिकिटे काढीनात. वाद्यांचा आवाजही त्या अफाट जागेत विरून जाई. लहान, स्वतःचे सभागृह नसेल तर आपण जाऊ, असे थॉमस यांनी निक्षून सांगितले. मग वर्गणी सुरू झाली. श्रीमंतांनी हजारो डॉलर दिले, तर साध्या लोकांनी काही सेंट. आठ हजारांच्या वर माणसांनी हातभार लावला.

१४ डिसेंबर १९०४ रोजी नव्या सभागृहात थॉमस यांनी पहिला कार्यक्रम केला. त्यानंतर ते आजारी पडले आणि ४ जानेवारी १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या सभागृहात त्यांना तीन आठवडेच मिळाले. त्यांचा वाद्यवृंद आजही शिकागोत त्याच सभागृहात वाजतो.