दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट १८५९, मुंबई – ३ जून १९३२, बाड किसिंगेन, जर्मनी) हे भारतीय उद्योगपती, दानशूर गृहस्थ आणि भारतातील ऑलिंपिक चळवळीचे प्रवर्तक होते. जमशेदजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. जमशेदपूरचा पोलाद कारखाना आणि पश्चिम घाटातील जलविद्युत प्रकल्प त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ १९२० मध्ये अँटवर्पला गेला, तो मुख्यतः त्यांच्या पुढाकाराने. त्या संघाकडून मोठ्या आशा होत्या, परंतु तो पदकाविना परतला.

बालपण आणि शिक्षण

दोराबजींचे प्राथमिक शिक्षण मुंबईत झाले. १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथील दोन वर्षांत क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत त्यांनी महाविद्यालयाकडून नाव मिळवले. टेनिस, नौकानयन व घोडेस्वारी यांचीही त्यांना आवड होती. १८७९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले.

उद्योगातील कार्य

काही काळ वृत्तपत्रात काम केल्यावर १८८४ मध्ये दोराबजी वडिलांच्या कापूस व्यवसायात दाखल झाले. पुढे त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही अनुभव घेतला. त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला.

१९०४ मध्ये जमशेदजींचे निधन झाले, तेव्हा पोलाद कारखाना, विज्ञान संस्था आणि जलविद्युत या त्यांच्या तिन्ही योजना अपुऱ्या होत्या. चांदा जिल्ह्यात सुरू झालेला लोहखनिजाचा शोध दोराबजींनी पुढे नेला. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. बंगळूरची विज्ञान संस्थाही याच काळात उभी राहिली. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. १९२४ मध्ये पोलाद कंपनी आर्थिक संकटात सापडली असता त्यांनी आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभे केले. त्यात मेहेरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता.

डेक्कन जिमखाना आणि संघाची निवड

पुण्यातील डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था १९०६ मध्ये स्थापन झाली होती. दोराबजी तिचे अध्यक्ष असताना १९१९ च्या सुमारास तेथे मैदानी स्पर्धा भरल्या. त्यांत भाग घेणारे अनेक धावपटू खेड्यापाड्यांतील शेतकरी होते. त्यांना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळालेले नव्हते आणि ते अनवाणी धावत. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपीय धावपटूंच्या वेळांच्या जवळपास होत्या, हे दोराबजींच्या लक्षात आले. अशा खेळाडूंना योग्य संधी मिळाली तर ते जागतिक स्पर्धेत टिकाव धरतील, अशी त्यांची धारणा झाली.

याआधी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी एकट्याने भाग घेतला होता, पण भारताचा संघ कधीही गेला नव्हता. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळवले, निवडीसाठी समिती नेमली आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. चार धावपटू आणि दोन मल्ल निवडण्यात आले. पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे धावपटू, तर कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. १९२० मध्येच दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले.

अँटवर्प १९२०

अँटवर्प येथे एकाही भारतीय धावपटूला पदकाच्या जवळ जाता आले नाही. बॅनर्जी प्राथमिक फेरीतच बाद झाले. ज्या मॅरेथॉनवर सर्वाधिक भिस्त होती, ती २२ ऑगस्ट रोजी झाली. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. चौगुले यांनी ती सुमारे २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. विजेते हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा सुमारे अठरा मिनिटे आधी पोहोचले होते. कोलेहमाइनेन यांनी १९१२ च्या ऑलिंपिकमध्येच तीन सुवर्णपदके जिंकली होती. चौगुले यांची मात्र ही पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती.

कुस्तीत नवले पहिल्याच लढतीत पराभूत झाले. शिंदे फेदरवेट गटात एक लढत जिंकून कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले, पण तेथे ब्रिटिश मल्लाकडून हरले. कुस्तीतील पदकासाठी भारताला पुढे बत्तीस वर्षे वाट पाहावी लागली. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकले.

पुण्यात दिसलेला वेग आणि अँटवर्पमधील निकाल यांतील अंतराने निवडीच्या पद्धतीची मर्यादा उघड केली. संघ प्रामुख्याने एका शहरातील स्पर्धांवरून निवडलेला होता. खेळाडूंच्या पाठीशी प्रांतिक संघटना, नियमित सराव किंवा मोठ्या स्पर्धांचा अनुभव नव्हता.

ऑलिंपिक संघटनेची उभारणी

या अपयशानंतरही दोराबजींनी प्रयत्न सोडला नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी विविध प्रांतांत स्पर्धा घेण्यात आल्या आणि त्यांतील खेळाडूंची अंतिम चाचणी दिल्लीत झाली. मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक यांनी संघाचे व्यवस्थापन केले. पॅरिसमध्येही पदक मिळाले नाही, परंतु निवडीचा पाया आता एका शहरापुरता राहिला नव्हता. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष आणि डॉ. ए. जी. नोहरेन सचिव झाले. १९२८ मध्ये अध्यक्षपद पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्याकडे गेले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

मुळशी धरण

अँटवर्पला संघ गेला, त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या वीज प्रकल्पावरून संघर्ष उभा राहिला. लोणावळा आणि आंध्र खोरे येथील योजनांनंतर १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे नेण्याची ही योजना होती. या वीजेवर मुंबईच्या गिरण्या चालणार होत्या. धरणामुळे सुमारे पन्नास गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. बऱ्याच जमिनींची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती आणि त्यांच्यापैकी अनेकांचा कल नुकसानभरपाई घेण्याकडे होता. कसणाऱ्या कुळांना मात्र जमीन सोडायची नव्हती. या मतभेदाने चळवळ दुर्बळ झाली आणि १९२४ मध्ये ती संपुष्टात आली. बापटांना दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. सेनापती हे बिरुद त्यांना या लढ्यातून मिळाले. १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली.

पुण्याच्या मैदानावर शेतकरी धावपटूंचे कौतुक करणारे दोराबजी आणि मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन घेणाऱ्या उद्योगसमूहाचे प्रमुख दोराबजी या दोन्ही बाजू त्यांच्या चरित्रात एकाच दशकात येतात. त्यांचे मूल्यमापन करताना दोन्ही विचारात घ्याव्या लागतात.

निधन आणि वारसा

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी या रोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्यांना अपत्य नव्हते. १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती, ज्युबिली हिऱ्यासह, सर दोराबजी टाटा ट्रस्टला दिली. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय या संस्था पुढे याच निधीतून उभ्या राहिल्या. पत्नीच्या समाधीस्थळी जाण्यासाठी इंग्लंडच्या प्रवासात असताना जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.