गोचीड, गुराखी आणि चुमाकोव्ह

१९३७ साली सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात मेंदूज्वराचे मूळ शोधण्यासाठी लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली एक पथक गेले. त्यात सत्तावीस वर्षांचे मिखाईल चुमाकोव्ह होते. रोगाचा विषाणू गोचिडीमार्फत पसरतो हे पथकाने सिद्ध केले. परंतु त्याच रोगाने चुमाकोव्ह यांना गाठले. प्राण वाचले, श्रवणशक्ती मात्र क्षीण झाली आणि उजवा हात कायमचा अधू झाला.

एवढी किंमत मोजूनही त्यांनी गोचिडीचा पिच्छा सोडला नाही. १९४४ साली ते क्रिमियात दाखल झाले. युद्धामुळे तेथील शेते ओस पडली होती. शिकार थांबल्याने ससे वाढले होते आणि त्यांच्याबरोबर गोचिडीही. जर्मन फौजा हटल्यावर सुगीसाठी शेतात उतरलेल्या सैनिकांपैकी व शेतकऱ्यांपैकी सुमारे २०० जणांना रक्तस्रावी ज्वराने ग्रासले. हा रोगही गोचिडीतील विषाणूचाच, असा निष्कर्ष चुमाकोव्ह यांनी काढला. पुढे १९५६ साली काँगोत सापडलेला विषाणू तोच असल्याचे १९६९ मध्ये स्पष्ट झाले आणि रोगाला क्रिमियन-काँगो ज्वर हे जोडनाव मिळाले.

मधल्या काळात तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीचा सोव्हिएत संघात प्रसार करून चुमाकोव्ह यांनी मोठी कीर्ती मिळविली. १९९३ साली ते निवर्तले. पोलिओ आज बहुतेक जगातून हटला आहे. क्रिमियन-काँगो ज्वरावर मात्र अद्याप सर्वमान्य लस नाही.

या विषमतेमागे अर्थकारण आहे. हा विषाणू गाई-मेंढ्यांच्या रक्तात काही दिवस वास करतो, पण जनावर आजारी दिसत नाही. दूध घटत नाही, बाजारभाव उतरत नाही. म्हणून खर्च करण्याची निकड कोणालाच भासत नाही. हानी सोसतो तो हाताने गोचीड चिरडणारा गुराखी, ताज्या रक्तात हात घालणारा खाटीक आणि रुग्णाची शुश्रूषा करणारा. २०११ साली गुजरातेत रुग्णाबरोबर त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांचेही प्राण गेले. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले.

बाजार ज्या हानीची नोंद घेत नाही, तिची नोंद शासनाने घ्यावयाची असते. गोठ्यातील गोचिडींचा बंदोबस्त हा केवळ पशुपालकाचा खासगी खर्च नव्हे. ते सार्वजनिक आरोग्याचे काम होय. चुमाकोव्ह यांनी मोजलेली किंमत गुराख्याला मोजावी लागू नये, एवढी अपेक्षा अवाजवी खास नाही.