स्वयंपाकाचा कंटाळा असलेला आचारी जगाला प्रार्थना शिकवून गेला, कोण होते ब्रदर लॉरेन्स?

रविवारी चर्चमध्ये देव आठवतो. पण सोमवारी कामाच्या धबडग्यात त्याचं भान कसं ठेवायचं? ख्रिस्ती माणसाच्या या जुन्या प्रश्नाला सतराव्या शतकात पॅरिसमधल्या एका आचाऱ्याने स्वतःच्या जगण्यातून उत्तर दिलं.

त्यांचं मूळ नाव निकोलस हर्मन. जन्म १६१४ च्या सुमारास, लॉरेन प्रांतात. अठरा वर्षांचे असताना त्यांना ऐन हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड दिसलं. काही दिवसांनी याला पालवी फुटेल, या विचाराने देवाच्या सामर्थ्याची जाणीव त्यांच्या मनात कायमची बसली. पण म्हणून ते लगेच मठात गेले नाहीत. आधी सैन्यात होते, तिथे जखमी झाले. एका बड्या अधिकाऱ्याकडे नोकरही होते. तिथे आपण सारखी तोडफोड करायचो, असं ते स्वतःच सांगायचे.

१६४० मध्ये ते पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नाही, तर कष्टाची कामं करणारे ब्रदर म्हणून. वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि त्या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा! तरी जवळपास १५ वर्षं ते तिथे राबले. पुढे मठातल्यांसाठी चपला बनवू लागले. पायाने अधू असूनही मठासाठी दारू खरेदी करायला त्यांना लांब पाठवलं जायचं. होडीतल्या पिंपांवरून घसरत, गडगडत ते पलीकडे पोहोचायचे.

ध्यानाच्या पद्धती सांगणारी पुस्तकं वाचून त्यांचा गोंधळच वाढला. मग त्यांनी एकच गोष्ट धरली. काम सुरू करताना देवाला सांगायचं, मध्येमध्ये त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचं, ऑम्लेट उलटायचं तेही त्याच्यासाठी. मन भरकटलं तर चूक कबूल करायची आणि परत यायचं, स्वतःला कोसत बसायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं, आणि आज ते तसंच सांगितलंही जातं. पण पहिली दहा वर्षं त्यांनी प्रचंड मानसिक यातना सोसल्या. आपण नरकातच जाणार, या खात्रीने त्यांना चार वर्षं छळलं. शेवटी, काय व्हायचं ते होवो, मी देवावर प्रेम करत राहणार, असं त्यांनी ठरवलं. त्यानंतर कुठे मन शांत झालं. यातना आहेत तशा स्वीकारणं, हा त्या पद्धतीचाच भाग होता. तो गाळून नुसतं ऑम्लेट सांगणं मला तरी अर्धवट वाटतं.

पुढे मोठमोठे धर्मगुरू या आचाऱ्याला भेटायला येऊ लागले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स यांचं निधन झालं. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी त्यांची पत्रं आणि त्यांच्याशी झालेली संभाषणं गोळा करून छापली. पुढे फ्रान्समध्ये अशा अंतर्मुख भक्तीवरून मोठा वाद पेटला आणि तिथे हे लेखन मागे पडलं. कॅथलिक मठातल्या या ब्रदरला जपलं ते बऱ्याच अंशी प्रोटेस्टंट वाचकांनी.