तुटलेला चिमटा, अभंग निर्धार : सायकलपटू युजेन क्रिस्तोफ यांची जीवनकथा

टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत एकूण वेळेत आघाडीवर असलेला स्पर्धक पिवळी जर्सी परिधान करतो. १९१९ साली ही जर्सी प्रथमच ज्यांच्या अंगावर चढली, त्या युजेन क्रिस्तोफ यांना ही शर्यत एकदाही जिंकता आली नाही. तरीही फ्रान्सच्या क्रीडा इतिहासात त्यांचे स्थान अनेक विजेत्यांहून वरचे मानले जाते. त्याचे कारण त्यांनी गमावलेल्या एका दिवसात दडलेले आहे.

क्रिस्तोफ यांचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफ या वस्तीत झाला. तरुणपणी त्यांनी कुलपे बनविण्याचे व लोखंडकामाचे शिक्षण घेतले. तापलेले लोखंड कसे ठोकावे, कसे जोडावे, हे त्यांच्या हातांना तेव्हाच अवगत झाले. पुढे सायकल हेच त्यांचे जीवन बनले. पण हातांनी आत्मसात केलेली विद्या आयुष्याच्या सर्वांत कठीण प्रसंगी त्यांच्या उपयोगी पडणार होती.

१९१० सालच्या मिलान ते सान रेमो या शर्यतीने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. त्या दिवशी वाटेतील घाट बर्फाने झाकून गेला होता. बहुतेक स्पर्धकांनी माघार घेतली आणि मोजकेच शेवटपर्यंत पोहोचले. थंडीने गारठलेल्या क्रिस्तोफ यांना वाटेतील एका खानावळवाल्याने आसरा दिला. शरीरात थोडी ऊब येताच ते पुन्हा सायकलीवर स्वार झाले आणि शर्यत जिंकले. या विजयाची किंमत मात्र मोठी होती. त्यांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले आणि प्रकृती पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागला.

त्या काळातील टूर द फ्रान्स आजच्या शर्यतीहून फार वेगळी होती. एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरांचा असे. स्पर्धक पहाटेपूर्वीच्या अंधारात निघत आणि कच्च्या, धुळीने भरलेल्या रस्त्यांवरून संध्याकाळपर्यंत चालत राहत. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा नियम कठोर होता. सायकलीत बिघाड झाला तर तो स्पर्धकानेच दुरुस्त करावा, कोणाचीही मदत घेऊ नये, असे बंधन होते. माणसाचा कस लागावा, त्याच्या पाठीशी असलेल्या कंपनीचा नव्हे, हा त्यामागील विचार होता.

१९१२ साली क्रिस्तोफ यांनी तीन टप्पे जिंकले. परंतु निकाल गुणांवर ठरत असल्याने त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढील वर्षी गुणपद्धती रद्द होऊन पुन्हा एकूण वेळ ग्राह्य धरण्यात आली. हा बदल त्यांना अनुकूल होता आणि १९१३ च्या शर्यतीत ते विजयाचे प्रबळ दावेदार होते.

त्या वर्षीचा बायोन ते लुशों हा पिरेनीज पर्वतातील टप्पा ३२६ किलोमीटरांचा होता. गतवर्षीचा विजेता ओदिल दफ्राय मागे पडला आणि त्याने शर्यत सोडली. तूर्मले घाटाच्या माथ्यावर बेल्जियमचा फिलिप तीस पहिला पोहोचला. त्याच्या पाठोपाठ आलेल्या क्रिस्तोफ यांच्या आशा पूर्णपणे जिवंत होत्या. मात्र घाट उतरताना त्यांच्या सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा फोर्क, मोडला.

दुसरी सायकल घेण्यास परवानगी नव्हती. क्रिस्तोफ यांनी सायकल खांद्यावर घेतली, मोडलेले भाग हाती घेतले आणि ते पायी डोंगर उतरू लागले. मागून येणारे स्पर्धक एकामागून एक त्यांना ओलांडून गेले. दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालून ते सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात पोहोचले. तेथे लोहाराची भट्टी होती. लोहाराने काम करून देण्याची तयारी दाखविली. पण शर्यतीचे अधिकारी तेथे हजर होते आणि नियम स्पष्ट होता.

मग क्रिस्तोफ यांनी स्वतःच हातोडा उचलला. कुलपांच्या कारखान्यातील शिक्षण येथे कामास आले. लोखंड तापवायचे, ऐरणीवर ठोकायचे, पुन्हा तापवायचे, असे काम काही तास चालले. हाताला काम असताना भाता ओढणे एकट्याला शक्य नव्हते. म्हणून एका लहान मुलाने भाता ओढला. अधिकाऱ्यांनी ही बाहेरची मदत मानली आणि त्याबद्दल क्रिस्तोफ यांना वेळेचा दंड ठोठावला.

चिमटा जोडून झाल्यावर ते सायकलीवर बसले आणि उरलेले घाट ओलांडून रात्री लुशों येथे पोहोचले. त्या दिवशी त्यांनी पावणेचार तासांहून अधिक वेळ गमावला होता. विजयाची शक्यता संपली होती. मात्र त्यांनी शर्यत सोडली नाही. पॅरिसमध्ये ते सातवे आले. विजेतेपद तीस यांना मिळाले.

त्यानंतर पहिले महायुद्ध आले. फ्रांस्वा फाबेर, ऑक्ताव्ह लापीझ आणि ल्युसियँ पती-ब्रतों हे तीन माजी विजेते युद्धकाळात मृत्युमुखी पडले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा क्रिस्तोफ ३४ वर्षांचे होते. रस्ते युद्धाने उद्ध्वस्त झाले होते आणि पॅरिसपर्यंत जेमतेम दहा-अकरा स्पर्धक पोहोचले. आघाडीवर कोण आहे हे प्रेक्षकांना ओळखता यावे म्हणून ग्रेनोबल येथे १९ जुलै रोजी क्रिस्तोफ यांना पिवळी जर्सी देण्यात आली. शर्यतीचे आयोजन करणारे ल'ओतो हे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. तोच हा रंग.

अखेरून दुसरा टप्पा मेट्झ ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरांचा होता. क्रिस्तोफ यांच्याकडे २८ मिनिटांची आघाडी होती. व्हॅलेन्सिएनजवळ दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर त्यांच्या सायकलीचा चिमटा पुन्हा मोडला. जवळच्या एका सायकल कारखान्यात त्यांनी पुन्हा स्वतःच्या हातांनी दुरुस्ती केली. पण तोवर बेल्जियमचे फर्मां लांबो पुढे निघून गेले होते. लांबो विजयी झाले आणि क्रिस्तोफ तिसरे. या अन्यायकारक योगायोगाने वाचक हेलावले. ल'ओतोने उघडलेल्या निधीत लोकांनी पैसे पाठविले आणि जमा झालेली रक्कम विजेत्याच्या बक्षिसापेक्षाही मोठी ठरली.

१९२२ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांनी पुन्हा पिवळी जर्सी मिळविली. त्याच शर्यतीत आल्प्स पर्वतात त्यांचा चिमटा तिसऱ्यांदा मोडला. तरीही १९२५ पर्यंत ते टूर द फ्रान्समध्ये उतरत राहिले. दरम्यान १९२० आणि १९२१ मध्ये त्यांनी बोर्दो ते पॅरिस ही प्रदीर्घ शर्यत जिंकली होती.

पुढे काळाच्या ओघात मदत न घेण्याचा नियम शिथिल झाला. आज सायकल बिघडताच संघाची गाडी काही क्षणांत दुसरी सायकल पुरवते. ज्या नियमाने क्रिस्तोफ यांच्यापासून विजय हिरावून घेतला, त्याच नियमामुळे त्यांच्या हातांतील कौशल्य आणि मनाचा निर्धार जगासमोर आला, हेही तितकेच खरे.

१ फेब्रुवारी १९७० रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी क्रिस्तोफ यांचे निधन झाले. सेंत-मारी-द-कांपां गावात त्या भट्टीच्या जागी लावलेली पाटी आजही दिसते. तूर्मले घाटाकडे निघालेले सायकलस्वार तेथे थांबतात आणि १९१३ मधील त्या दिवसाची आठवण मनात घेऊन घाट चढू लागतात.