अडगळीचा वारसदार : डॉ. दिनकर केळकर

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावात काय किंवा खालापूरकडच्या एखाद्या खेड्यात काय, जुने कौलारू घर उतरवून त्या जागी इमारत बांधायची ठरली, की घरच्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. माळ्यावरचा लाकडी पाळणा, पणजीच्या माहेरून आलेला पेटारा, देवघरातला कोरीव देव्हारा, माजघरातले फडताळ हे सारे सदनिकेत मावणार कुठे? कुणी भंगारवाल्याला हाक मारतो. कुणी सुताराला बोलावून पेटाऱ्याचे बैठे टेबल आणि दाराच्या फळीचा आरसा करून घेतो. हाच प्रश्न घाटापलीकडच्या पुण्यात एका कवीला शतकापूर्वी पडला होता. त्याने उत्तर शोधण्यात सारे आयुष्य वेचले. त्या कवीचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. मराठी काव्यरसिकांना ते प्रथम ठाऊक झाले ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने. मराठ्यांच्या इतिहासाची त्यांना विलक्षण ओढ होती. त्या काळावर कविता लिहायची, तर त्या काळच्या वस्तू डोळ्यांनी पाहायला आणि हाताने चाचपायला हव्यात, ही ओढ त्यांना शस्त्रांकडे आणि जुन्या वाड्यांकडे घेऊन गेली. १९२० च्या सुमारास संग्रहाला प्रारंभ झाला. उपजीविकेचे साधन होते घरचे चष्म्यांचे दुकान. संस्थानिकाची तिजोरी पाठीशी नव्हती की सरकारी अनुदानही नव्हते. जे काही जमले, ते एका मध्यमवर्गीय संसाराच्या मिळकतीतून जमले.

प्रारंभी तलवारी-कट्यारींत गुंतलेले त्यांचे लक्ष हळूहळू घराच्या आतल्या दालनांकडे वळले, आणि इथेच या संग्राहकाचे वेगळेपण सुरू होते. राजेरजवाड्यांचे दागिने जपायला माणसे असतात, परंतु सुपारी कातरायचा अडकित्ता, टाच घासायची वज्री, पानाचा डबा, लामणदिवा, सोगट्यांचा पट, कुलूप लावता येईल असे भांडे यांना कोण विचारतो? केळकरांनी नेमक्या याच वस्तू निवडल्या. अडकित्त्याला घोड्याचा किंवा मोराचा आकार देणारा कासार, दिव्याच्या साखळीवर हत्ती बसवणारा ओतारी, दाराच्या चौकटीवर वेल कोरणारा सुतार, यांपैकी बहुतेकांनी आपले नाव कुठेही कोरून ठेवलेले नाही. ‘अज्ञातवासी’ म्हणवणाऱ्या कवीने अज्ञात कारागिरांची कामे गोळा करावीत, यात एक औचित्य होते.

या कामासाठी केळकर देशभर हिंडले. महाराष्ट्रातील खेडी, गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारत असा हा प्रवास कित्येक दशके चालला. घरोघर जाऊन वस्तू पाहणे, मालकाचे मन वळवणे आणि ऐपतीत बसेल त्या किमतीला ती मिळवणे हे चिकाटीचे काम होते. पत्नी कमलाबाई यांची त्यांना यात मोलाची साथ लाभली. संसाराच्या गरजा मागे सारून पतीचा छंद पुढे नेणे म्हणजे काय, हे त्या काळच्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

याच संसारावर दुःखाचा घाला पडला. त्यांचा एकुलता मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. वस्तू वारशाने ज्याच्या हाती जायच्या, तोच उरला नाही. एखादा माणूस अशा वेळी सारे मोडीत काढून मोकळा झाला असता. केळकरांनी उलट केले. पुढे उभ्या राहिलेल्या संग्रहालयाला त्यांनी मुलाचे नाव दिले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ही वास्तू ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणून ओळखली जाते. अनेकांना हा राजा म्हणजे कुणी संस्थानिक असावा असे वाटते. प्रत्यक्षात ते एका सात वर्षांच्या बालकाचे स्मारक आहे.

काळ मोठ्या झपाट्याने बदलत होता. वाड्यांमधील एकत्र कुटुंबे विभागली जात होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुनी घरे जमीनदोस्त केली. पुढील काळात वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. तुळया, खांब, महिरपी यांना केवळ लाकूड म्हणून भाव मिळू लागला. केळकरांच्या संग्रहात मात्र १९६० पर्यंतच सुमारे १५ हजार वस्तू आल्या होत्या. बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत. इतरांना ज्याची किंमत वस्तू नाहीशा झाल्यावर कळली, ते या माणसाने चाळीस वर्षे आधी ओळखले होते.

सुटी वस्तू उचलून आणणे एक वेळ सोपे. आख्खे दालन उचलणे अवघड. कोथरूड येथील थोरल्या बाजीरावांचा म्हणून ओळखला जाणारा मस्तानी महाल जीर्ण झाला होता. त्याचे अवशेष आणून संग्रहालयात ते पुन्हा जोडण्यात आले. जुन्या लाकूडकामात एक तुळई दुसऱ्या तुळईच्या आधाराने उभी असते. खाचेत बसणारा जोड मूळ जागीच बसतो. कारागिरी इथे नवे काही करून दाखवण्यात नसते, तर पूर्वीच्या कारागिराच्या हाताला आपला हात जुळवून घेण्यात असते.

केळकरांच्या कामाचा गाभा हाच आहे. जुन्या वस्तूला नवे आयुष्य देणे म्हणजे तिचे रूप बदलणेच असे नाही. रंधा मारून आणि पॉलिश चढवून पेटारा चकचकीत होतो, पण त्यावरचे हातांचे डाग, कोयंड्याजवळची झीज, तळाशी लिहिलेली एखादी अक्षरे कायमची पुसली जातात. ती झीज म्हणजेच त्या घराची बखर असते.

अर्थात संग्रहालयालाही मर्यादा आहेत. काचेमागचा पाळणा हलत नाही आणि समई पेटत नाही. संग्रह २० हजारांहून अधिक वस्तूंचा असला, तरी प्रेक्षकांना पाहता येतात त्या अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम आठवा भाग. प्रत्येक घरातला पाळणा कुठलेच संग्रहालय सामावून घेऊ शकणार नाही. म्हणून ज्या पेटाऱ्याला घरातच ठेवायचे आहे, त्याचे टेबल झाले तरी बिघडत नाही. मात्र सुताराच्या हाती देण्यापूर्वी तो कुणाचा, कुठून आला, लाकूड कोणते, एवढे लिहून ठेवावे आणि एक छायाचित्र काढावे. जोड सुटला असेल तर खिळा ठोकण्याऐवजी जोडच दुरुस्त करावा. इतके केले तरी घरातल्या घरात केळकरांचे थोडेसे काम पार पडते.

आपल्या संग्रहाचे पुढे काय, हा प्रश्न केळकरांनी स्वतःपुरता फार उदारपणे सोडवला. ज्या वस्तूंना बाजारात मोठी किंमत आली असती, त्या त्यांनी विकल्या नाहीत. १९७५ मध्ये संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे घराण्याच्या नावावर राहिली असती अशी मालमत्ता त्यांनी ठेवली नाही. ठेवले ते हजारो अनोळखी घरांचे सामान, आणि त्या सर्वांवर एका लहान मुलाचे नाव.