सुरतेचे भीमजी पारेख

वाणिज्य शाखेत शिकताना मला एक उणीव नेहमी जाणवते. आमच्या पाठ्यपुस्तकांत कारखानदार भेटतात, बँका भेटतात, करांचे कायदे भेटतात. पण लहान व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन सरकारदरबारी आपले म्हणणे कसे मांडावे, ह्याविषयी फारसे काही सापडत नाही. व्यापारी संघटना ही इंग्रजांनी आणलेली विलायती कल्पना आहे, असाही पुष्कळांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हे सतराव्या शतकातील सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख ह्यांच्या चरित्रावरून कळते.

सुरत म्हटली की आपल्याला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. तापीकाठचे हे शहर तेव्हा मोगल बादशाहीचे मुख्य बंदर होते. हजचे यात्रेकरू येथूनच निघत. गुजरातचे कापड आणि नीळ येथूनच परदेशी जाई. इंग्रज कंपनीची पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य वखारही येथेच होती. आपल्या हुबळीच्या बाजारातले कापड ज्या कारवारच्या वखारीत जमा होई, तिचा कारभारही सुरतेच्या हुकमाने चाले.

भीमजी ह्या इंग्रज कंपनीचे दलाल होते. पारेख हे आडनावच धंद्यावरून पडलेले. नाण्याची पारख करणारा तो पारेख. आज दलाल हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. पण त्या काळी दलालावाचून परक्या व्यापाऱ्याचे पान हलत नसे. माल कोणाकडे मिळेल, भाव काय, नाणे खरे की खोटे, आगाऊ दिलेली रक्कम बुडणार तर नाही ना, हे सारे तोच पाही. दोन्ही बाजूंची भाषा आणि दोन्ही बाजूंची गरज त्याला ठाऊक असे. पुढे भीमजींना जे कार्य करावे लागले, त्याची तालीम त्यांना ह्या धंद्यातच मिळाली असावी, असे मला वाटते.

सुरतेत त्या वेळी वीरजी व्होरा नावाचे मोठे सावकार होते. इंग्रज कंपनीसुद्धा त्यांच्याकडून कर्ज काढी. तरीही १६६४ च्या स्वारीत त्यांची संपत्ती वाचली नाही. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान तर किल्ल्यात जाऊन बसला होता. एकट्याची श्रीमंती, ती कितीही मोठी असो, संकटात पुरी पडत नाही, हा धडा सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताजा होता.

पाच वर्षांनी दुसरे संकट आले, ते राज्यकारभारातूनच. सुरतेच्या काझीने वाण्यांना धर्माच्या नावाखाली छळण्यास सुरुवात केली. देवळांना धक्का लागू नये म्हणून त्यांना पैसे मोजावे लागत. काहींवर धर्मांतराची सक्ती झाली. कंपनीचे जुने सराफ तुळशीदास पारेख ह्यांच्या आप्तांपैकी एकावरही तीच पाळी आली. तेव्हा व्यापाऱ्यांच्या महाजनाने निर्णय घेतला. आपल्याकडे कन्नड शिलालेखांत महाजन म्हणजे अग्रहारातील विद्वान ब्राह्मणांची सभा. गुजरातेत मात्र महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची पंचायत. शब्द एकच, पण दोन्हीकडे त्याचा अर्थ मिळून निर्णय घेणारी मंडळी असा होतो, ही गोष्ट दोन्ही भाषा वाचणाऱ्या मला मोठी गमतीची वाटली.

भीमजी आणि अन्य पुढारी प्रथम इंग्रज वखारीचे अध्यक्ष जेराल्ड अंजियर ह्यांच्याकडे गेले. मुंबई बेट नुकतेच कंपनीच्या ताब्यात आले होते. तेथे आम्हांला आश्रय द्याल काय, असे त्यांनी विचारले. अंजियरना व्यापारी मुंबईस हवेच होते. पण बादशहाची प्रजा उघडपणे पळवून नेली तर सुरतेची वखार धोक्यात येईल, हे ते जाणून होते. त्यांनी तूर्त मुंबईस न येता मोगल मुलखातच राहून बादशहाकडे दाद मागावी, असा सल्ला दिला. त्यात कंपनीचा स्वार्थ होता हे उघड आहे. परंतु सल्ला शहाणपणाचा होता.

२४ सप्टेंबर १६६९ च्या सुमारास सुमारे ८००० कुटुंबप्रमुखांनी सुरत सोडली. बायकामुले नातलगांच्या हवाली करून ते नर्मदाकाठी भडोचला गेले. त्यांना अडवा, असा काझीचा आग्रह होता. पण हे बादशहाचे प्रजाजन आहेत, त्याच्या राज्यात ते हवे तेथे जाऊ शकतात, असे म्हणून शहराच्या अधिकाऱ्याने हात वर केले. सगळ्या प्रकरणातील मर्म मला येथेच दिसते. व्यापाऱ्यांनी शहर सोडले, राज्य सोडले नाही. म्हणून त्यांच्यावर बंडाचा आरोप करता येईना, आणि त्यांची तक्रार मात्र दिल्लीपर्यंत ऐकू गेली.

इकडे सुरतेत बाजार ओस पडला. टांकसाळ आणि जकातघर बंद झाले. व्यापार तर राहोच, घरखर्चालाही रोकड मिळेना. हडताळ हा शब्द मुळात हाट आणि ताळा, म्हणजे बाजार आणि कुलूप, ह्यांवरून आला आहे. त्या तीन महिन्यांत सुरतेने तो शब्दशः अनुभवला. अखेर औरंगजेबाकडून सुरक्षिततेचे व धर्मपालनाचे आश्वासन आले, आणि २० डिसेंबर १६६९ रोजी मंडळी परतली.

ह्या विजयाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. ८००० जणांत सगळेच लक्षाधीश असणे शक्य नव्हते. भीमजींसारख्यांना तीन महिने घरी बसून खाता येत होते. मीठमिरची विकणाऱ्याला ते कसे जमले असेल? माझ्या वडिलांचे किराणा दुकान आहे. बाजार बंद असला की त्या दिवशी गल्ला रिकामा राहतो, पण घरभाडे आणि उधारीचे हप्ते काही बंद होत नाहीत. शिवाय जे विणकर व हमाल महाजनात नव्हते, त्यांना विचारले कोणी होते? कुलुपाची झळ त्यांनाही लागलीच. म्हणून बंद हे शस्त्र फार जपून, सर्वांचे हित पाहून आणि दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हाच वापरावे, असे मला वाटते. भीमजींच्या पुढे तसाच प्रसंग होता.

त्यांच्या चरित्राचा दुसरा पैलू मराठी वाचकाने तरी विसरू नये. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत म्हणून त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक यंत्र व कागद घेऊन मुंबईस आला. पण त्याला येथल्या लिपीचे खिळे पाडता येईनात. भीमजींनी आपल्याच माणसांकडून अक्षरे करवून काही कागद छापविले, आणि ते सुवाच्य असल्याची नोंद इंग्रजांनीच केली. उद्योग पुढे तडीस गेला नाही. पण परक्याच्या हाताने अडले तर आपल्या हाताने करून पाहावे, ही वृत्ती त्यातून दिसते.

पुढे सुरतेत दक्षिण गुजरात चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था १९४० साली स्थापन झाली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराविरुद्ध तेथील कापड व्यापाऱ्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ बाजार बंद ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कृत्रिम धाग्यावरील कर १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला. साधने बदलली, आता अर्ज दिल्लीला जायला आठवडे लागत नाहीत. तथापि लहान दुकानदाराचे गाऱ्हाणे एकट्याने मांडले तर ते गाऱ्हाणेच राहते, आणि सर्वांनी मिळून, कायद्याच्या चौकटीत राहून मांडले तर राज्यकर्त्याला त्याचा विचार करावा लागतो, हे आजही तितकेच खरे आहे. उद्या आपल्यापैकी अनेकजण दुकाने, कारखाने किंवा हिशेबनिसाच्या कचेऱ्या चालवतील. त्यांनी आपापल्या गावच्या व्यापारी संघाची वर्गणी भरावीच. पण त्या संघात सर्वांत लहान सभासदाला बोलू दिले जाते की नाही, हेही पाहावे.