पेशींच्या वस्त्रातला धागा : डॉ. वसंत रामजी खानोलकर

सोलापुरात डॉक्टर या शब्दाबरोबर एक नाव हटकून येते, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. आपल्या गावचा हा तरुण 1938 साली चीनला गेला आणि जखमींची सेवा करता करता 1942 साली तिथेच निवर्तला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. त्याच महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केलेल्या आणखी एका थोर पुरुषाची ओळख विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. मी कला शाखेचा विद्यार्थी, सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध शाळेपुरता. तरीही या चरित्राने मला धरून ठेवले. का, ते पुढे येईलच.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून 1923 साली त्यांनी विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळविली. विलायतेहून आलेल्या डॉक्टरने मुंबईत दवाखाना थाटला असता, तर त्याला पैशाची ददात पडली नसती. खानोलकरांनी मात्र अध्यापन आणि प्रयोगशाळा पत्करली. 1941 मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

रोग शरीरात दिसला तरी त्याची मुळे माणसाच्या राहणीत असू शकतात, हे त्यांनी ओळखले. 1944 साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. कमरेला घट्ट धोतर बांधण्याच्या जागी होणारा, चुट्टा जळते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा आणि तंबाखू-चुन्याच्या खैनीने होणारा, असे ते तीन. चुन्याची डबी खिशात घेऊन कारखान्यात जाणाऱ्या आपल्या गावाला हे संशोधन परके वाटू नये.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे कुष्ठरोगावरील काम. आमच्या वस्तीत एक आजी होत्या. त्यांचे ताट वेगळे, तांब्या वेगळा, बसायची जागाही वेगळी. तापलेले भांडे उचलताना हात भाजला तरी त्यांना कळत नसे. लोक म्हणत, मागच्या जन्मीचे पाप फेडते आहे. लहानपणी मलाही ते खरे वाटे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्येच शोधला होता. खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीचे, फिकट, साधे दिसणारे चट्टे तपासायला घेतले आणि तो अभ्यास 1951 साली प्रसिद्ध केला. त्वचेतील बारीक मज्जातंतूंमध्ये हा जंतू फार लवकर शिरकाव करतो, यावर त्यांनी भर दिला. तंतू निकामी झाला की वेदनेची वर्दी मेंदूला पोहोचत नाही. मग हात भाजतो, जखम चिघळते, बोटे झडतात. आजींच्या पापाचा हिशेब असा एका तंतूत सापडला! हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

हे काम किती चिकाटीचे, ते समजून घेतले पाहिजे. त्वचेचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राने त्याचे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि एकामागून एक पाहत जायचे. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणतात. चादरीच्या शेकडो चिंध्या करून तिच्यातला एकच धागा शोधत जायचे, तसाच हा प्रकार.

आज विज्ञानाने चिंध्या न करताही धागा पाहण्याची युक्ती साधली आहे. भज्यांचा कागद तेलाने ओला झाला की आरपार दिसू लागतो, कारण कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेते आणि प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही. हेच तत्त्व वापरून जर्मनीच्या श्पाल्टेहोल्त्स यांनी 1911 च्या सुमारास अवयव पारदर्शक करून दाखविले. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये उंदराच्या अख्ख्या मेंदूतील चरबी काढून तो काचेसारखा केला. त्यात विशिष्ट रेणूंनाच चिकटणारी, चमकणारी द्रव्ये सोडली की कोणता रेणू कोठे आहे, हे लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही अंगांनी दिसते. खानोलकरांनी एकेका कापातून मनाशी जुळविलेले चित्र असे आता सलग पाहता येते.

1952 साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक-संचालक. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुढे आल्या. 1960 ते 1963 या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण हा किताबही त्यांना मिळाला. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले.

1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती सुचविली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी आपल्या देशातला 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 पर्यंत कायद्यात होते. ऊती पारदर्शक करणारी द्रव्ये सापडली. मनावरची पुटे काढणारे द्रव्य कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ते काम शिकलेल्या माणसांचे आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी गेल्यावर आईला आणि शेजाऱ्यांना हा मज्जातंतू समजावून सांगणे, हेच माझे डॉ. खानोलकरांना अभिवादन.